सत्तावीस पानांवरची सही

माझ्या वडिलांना कारखान्यात सगळे 'वकील' म्हणायचे. ते वकील नव्हते. चिनी मातीच्या कपबश्यांच्या कारखान्यात ते भट्टीवर होते. कच्चा माल भट्टीत रचायचा, भाजून थंड झाला की बाहेर काढायचा, हे त्यांचं काम. शाळा पाचवीत सुटलेली. पण युनियनचे ते चिटणीस होते, आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलायला लागले की समोरच्याला घाम फोडायचे. कुणाची रजा नाकारली, कुणाला मेमो मिळाला, कुणाला न विचारता दुसऱ्या खात्यात टाकलं, की तो माणूस आधी आमच्या दारात. बाबा जेवत असले तरी हात धुऊन उठायचे.

मला त्यांचा फार अभिमान होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तो कुठे सापडायचा नाही.

कारखान्याचे नियम बाबांना तोंडपाठ होते. कुणीतरी एकदा वाचून दाखवलं की कलम, पोटकलम, सगळं डोक्यात बसायचं. युनियनचं ऑफिस टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. तिथे एक म्हातारे टायपिस्ट संध्याकाळी यायचे. बाबा बोलत जायचे, टायपिस्टकाका ते इंग्रजीत टाइप करायचे, मग अर्थ सांगायचे आणि बाबा खाली सही ठोकायचे. कंपनीकडून कुठलाही कागद घेताना मात्र बाबा स्वतःच्या हाताने त्यावर दोन इंग्रजी शब्द लिहायचे: 'अंडर प्रोटेस्ट'. म्हणजे कागद घेतला, पण त्यातलं मान्य नाही. अक्षर असं वळणदार की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज इंग्रजी पेपर वाचत असणार.

त्यांना तेवढेच दोन शब्द येत होते. युनियनच्या जुन्या अध्यक्षांनी कधीतरी एका पाकिटाच्या मागे लिहून दिले होते, ते बाबांनी गिरवून गिरवून हाताला बसवले होते. बाकी इंग्रजी अक्षरं त्यांना भिंतीवरच्या भेगांसारखी. हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. टायपिस्टकाकांना कळलं असणार, पण तो माणूस कधी बोलला नाही. आईला माहीत होतं. आणि मला.

मला कसं कळलं तेही सांगायला हवं. मी आठवीत होते. माझी मैत्रीण अभ्यासाला घरी आली होती. बाबा कामावरून आले, खिशातून एक नोटीस काढली आणि माझ्यासमोर धरून म्हणाले, "हा शब्द काय गं?" मी बघितलं तर कागद उलटा. मी खो खो हसले. मैत्रिणीला म्हणाले, "आमच्या बाबांना एबीसीडीपण येत नाही!" बाबांनी कागदाची घडी घातली. "तुझी परीक्षा घेत होतो," म्हणाले आणि पाय धुवायला गेले. त्यानंतर एकही कागद त्यांनी मला दाखवला नाही. घरात आणले तरी पिशवीत बंद. "युनियनचे गुप्त कागद आहेत, पोरांनी हात लावायचा नाही."

आता मावशींबद्दल. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या. दोन गल्ल्या सोडून राहायच्या, कारखान्यात कपांना कान लावायच्या. साच्यातून निघालेला कप अर्धवट वाळलेला असतो. त्याच वेळी कानाच्या दोन्ही टोकांना पातळ माती लावून तो कपाला चिकटवायचा असतो. कप जास्त वाळला की कान बसत नाही, बसला तरी भट्टीत तडकतो. मावशींच्या हातात घड्याळ होतं म्हणा ना. कप गालाला लावून सांगायच्या, हा तयार, हा अजून अर्धा तास. नवरा वारलेला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. सगळा कारखाना त्यांना 'कानवाली' म्हणायचा, आणि त्यांना त्याचा राग नव्हता. "माझ्याशिवाय तुमचा साहेब चहा कुठे धरून पिणार?" असं म्हणायच्या.

त्या खात्यात मातीची धूळ फार. ती ओढून बाहेर टाकणारा मोठा पंखा तीन आठवडे बंद होता. बायकांनी सुपरवायझरला दोनदा सांगितलं, युनियननेही पत्र दिलं. एका सकाळी मावशींना खोकल्याची अशी उबळ आली की त्या बाकावरून उठल्या आणि म्हणाल्या, "मी बाहेर अंगणात बसते. श्वास पुरत नाही. ज्यांना यायचं त्यांनी या." आणखी दहा जणी उठल्या. चाळीस मिनिटं त्या नळाजवळच्या कट्ट्यावर बसल्या. आत फळ्यांवर मांडलेले कप तोवर वाळून गेले. अख्ख्या सकाळचा माल फुकट गेला.

दुसऱ्या दिवशी पंखा सुरू झाला, आणि मावशींना आरोपपत्र मिळालं. बेकायदा काम बंद पाडणं, इतरांना चिथावणं, मालाचं जाणूनबुजून नुकसान. निलंबन. पुढे खात्यांतर्गत चौकशी.

ही चौकशी म्हणजे कारखान्यातच भरणारं छोटं कोर्ट. कंपनी बाहेरचा एखादा वकील चौकशी अधिकारी म्हणून नेमते. कंपनीचा एक माणूस आरोप मांडतो, साक्षीदार आणतो. कामगाराला आपल्या बाजूने युनियनचा एक सहकारी घेता येतो. मावशींनी अर्थातच बाबांना घेतलं. "वकीलभाऊ असल्यावर मला काय घोर?"

चौकशी पाहुण्यांच्या खोलीत व्हायची. काचेचं टेबल, निळे पडदे, कोपऱ्यात कंपनीच्या सगळ्यात महागड्या टी-सेटचं कपाट. पहिल्याच दिवशी चौकशी अधिकाऱ्याने बाबांना विचारलं, "कामकाजाची नोंद इंग्रजीत करू ना? की तुमच्या भाषेत हवी? तसा तुमचा हक्क आहे." समोर पर्सोनेल मॅनेजर बसला होता. बाबांच्या बोलण्याने ज्याला नेहमी घाम फुटायचा तोच. तो किंचित हसला, किंवा बाबांना तसं वाटलं. चौकशी अधिकारी पुढे गोड आवाजात म्हणाला, "म्हणजे, तुमच्यासारख्या जाणकाराला गरज नसेल म्हणा."

बाबा म्हणाले, "इंग्रजीच ठेवा. काही अडचण नाही."

एवढंच. हे एक वाक्य. त्या वेळी कुणीतरी दार वाजवलं असतं, चहा आला असता, तर कदाचित ते म्हणाले नसते. पण म्हणाले, आणि तेही नोंदवलं गेलं.

आठ बैठका झाल्या. प्रश्न आपल्याच भाषेत विचारायचे, उत्तरंही आपल्याच भाषेत, आणि चौकशी अधिकारी टायपिस्टला त्याचं इंग्रजी सांगायचा. प्रत्येक बैठकीच्या शेवटी पानं फिरायची. अधिकाऱ्याची सही, कंपनीच्या माणसाची सही, बाबांची, मग मावशींची. मावशी दर वेळी पेन उचलण्याआधी विचारायच्या, "वाचलंत ना भाऊ?"

आणि बाबा दर वेळी सांगायचे, "वाचलं. करा सही."

ते पान हातात घ्यायचे, वरपासून खालपर्यंत नजर फिरवायचे, मध्ये एखाद्या ओळीवर बोट ठेवून थांबायचे, मान हलवायचे. हे सगळं त्यांनी नंतर मला स्वतः करून दाखवलं. एकूण सत्तावीस पानं. टेबलावर चर्चा अशी खेळीमेळीची चाललेली की 'अंडर प्रोटेस्ट' लिहायलाही त्यांना संकोच वाटला. "रोजच्या नोंदीवर कसला प्रोटेस्ट, वकीलसाहेब?" अधिकारी हसत म्हणाला होता. त्या साहेबाने 'वकीलसाहेब' म्हटलं, याचं बाबांना बरं वाटलं होतं.

दीड महिन्याने निकाल आला. आरोप सिद्ध. कामगाराने चौकशीत स्वतःच गुन्हा कबूल केला आहे, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे.

बातमी आली तेव्हा बाबा भट्टीवर होते. त्यांचा विश्वासच बसेना. कबूल केलं? कधी? युनियनच्या वकीलबाई होत्या, खऱ्या वकील, चार-पाच कारखान्यांच्या युनियनची कामं बघणाऱ्या. त्यांनी नोंदीची प्रत मागवली. एकोणिसाव्या पानावर त्या थांबल्या आणि मोठ्याने अर्थ सांगितला. मावशींनी चौकशीत सांगितलं होतं की त्या एवढंच म्हणाल्या, 'मी बाहेर बसते, ज्यांना यायचं त्यांनी या.' पानावर लिहिलं होतं, 'मालाचं नुकसान होणार हे माहीत असूनही मी काम थांबवलं आणि इतरांना थांबवायला सांगितलं, हे मला मान्य आहे.' खाली चार सह्या.

वकीलबाईंनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. "हे तुम्ही वाचून सही केलीत?"

खोलीत अध्यक्ष होते, कार्यकारिणीचे पाच जण होते. बाबा म्हणाले, "घाई होती. नजरेतून सुटलं असेल."

हे त्यांचं दुसरं मोठं खोटं. पहिल्यापेक्षा वाईट, असं ते स्वतः म्हणायचे. कारण पहिल्या वेळी त्यांना परिणाम माहीत नव्हता.

युनियनने वाद उचलला. आधी कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर समेटाच्या बैठका. तो दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवतो, काही मधला मार्ग निघतो का बघतो. तीन तारखा झाल्या. तिन्ही वेळा पर्सोनेल मॅनेजरने एकोणिसावं पान टेबलावर सरकवलं आणि हाताची घडी घातली. शेवटी अधिकाऱ्याने समेट झाला नाही असा अहवाल दिला आणि प्रकरण कामगार न्यायालयात गेलं.

मधल्या काळात सर्वसाधारण सभा झाली. काही तरुण कामगार संपाची भाषा करत होते. अध्यक्ष साचे खात्यातले, शांत माणूस. ते म्हणाले, "कबुली कागदावर असताना संप कशाच्या जोरावर करायचा?" मागून कुणीतरी ओरडलं, "बाईने कबूल करायलाच नको होतं. आता युनियन काय करणार?" दुसरा म्हणाला, "आणि वकील तिथे होते की! त्यांच्यासमोर खोटं लिहायची कुणाची छाती आहे? बोललीच असेल ती तसं."

बाबा व्यासपीठावर बसले होते. सभा संपेपर्यंत समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. त्या सभेला मावशी आल्या नव्हत्या. आई मात्र कामगारांच्या घरच्या बायकांच्या रांगेत होती. घरी आल्यावर तिने बाबांना ताट वाढलं आणि म्हणाली, "तुम्ही आज त्या बाईला दुसऱ्यांदा कामावरून काढलंत." बाबा ताटावरून उठले. त्यानंतर महिनाभर दोघांचं बोलणं कामापुरतं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मला सगळं कळत होतं. मी म्हणू शकले असते, बाबा, ती पानं आणा, मी वाचते. म्हटलं नाही. मला वाटायचं, आपण विषय काढला तर त्यांना तो आठवीतला दिवस आठवेल. आणि खरं सांगायचं तर मलाही तो आठवायचा नव्हता.

मावशी तोवर पोत्यांच्या कारखान्यात रोजंदारीवर शिवण मारत होत्या. आठ महिने झाले असतील. एका रविवारी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. फार रोडावल्या होत्या. आईने चहा ठेवला. बाबा खुर्चीत ताठ बसले, तारखेबद्दल काहीतरी सांगू लागले. मावशींनी त्यांना मध्येच थांबवलं.

"वकीलभाऊ, एक विचारू? तुम्ही ते पान वाचलं होतंत ना?"

बाबा खुर्चीच्या हातावर बोट घासत राहिले.

"नाही, म्हणजे तुम्ही वाचलं होतं म्हणजे ते बरोबरच असणार. मी आठवून आठवून थकले. मला वाटायला लागलंय, मी खरंच तसं बोलले असेन. त्या दिवशी घाबरलेही होते. आपल्याला मेलीला कळत नाही काय बोलतोय ते." त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. "तसं असेल तर युनियनने माझ्यापायी उगाच खर्चात पडू नये. मी लिहून देते."

चहा तसाच राहिला. त्या गेल्या. बाबा उठले, फळीवरची पिशवी काढली, आणि स्वयंपाकघरात मी भाजी निवडत होते तिथे येऊन माझ्यासमोर खाली बसले. सत्तावीस पानांची प्रत माझ्या मांडीवर ठेवली.

"मला हे वाचून दाखव," म्हणाले. "पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

मी हात पुसले आणि वाचायला लागले. एक एक ओळ वाचायची, अर्थ सांगायचा. दुसऱ्याच पानावर आलं, 'कामगाराच्या प्रतिनिधीला इंग्रजी चांगलं अवगत असल्याने भाषांतराची गरज नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलं.' बाबा म्हणाले, "हो. हे सांगितलं होतं. पुढे." सुपरवायझरच्या साक्षीत पंख्याचा उल्लेखच नव्हता. बाबांनी त्याला पंख्यावरून सात प्रश्न विचारले होते. नोंदीत त्यातला एकही नाही. "मी इतका ओरडलो होतो त्या दिवशी," ते म्हणाले. "कपाटातले कप हलले असतील." एकोणिसाव्या पानाशी आल्यावर त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. पानाच्या तळाशी त्यांची सही होती, ऐटबाज, खाली दोन टिंबं दिलेली. तिच्याखाली मावशींची, शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर सुटं.

वाचून झालं तेव्हा आई दारात उभी होती. बाबा रडले वगैरे नाहीत. फक्त म्हणाले, "आठवीपासून तुला येत होतं हे." मी मान खाली घातली. त्यांनी ते मला टोचायला म्हटलं होतं की स्वतःला, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावर जाण्याआधी मावशींच्या घरी गेले. मला सोबत नेलं. का नेलं माहीत नाही. कदाचित एकट्याने गेले असते तर अर्ध्या वाटेतून परतले असते. मावशी सासूला भरवत होत्या. बाबा उंबऱ्याच्या आत गेलेच नाहीत. तिथूनच म्हणाले, "बाई, मला इंग्रजी वाचता येत नाही. एक अक्षर नाही. मी तुम्हाला सत्तावीस वेळा खोटं सांगितलं."

मावशींच्या हातातला चमचा तसाच राहिला. म्हातारी तोंड उघडून वाट बघत होती. मग मावशींनी तिला तो घास भरवला, तिचं तोंड पुसलं, आणि मागे न बघता म्हणाल्या, "मग मी तसं बोलले नव्हते."

"नव्हतात."

"मला वेड लागायची पाळी आली होती, भाऊ."

बाबांनी चौकटीला हात टेकला.

"एकदा म्हणाला असतात, मला येत नाही, तर आपण दोघांनी मिळून ते इंग्रजी थांबवलं असतं. मला काहीच येत नाही हे तर जगाला माहीत आहे. मी काय त्याने मेले का?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "जा आता. तुमच्या पाळीची वेळ होईल."

वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी चिडल्या, मग चष्मा काढून डोळे चोळत बसल्या. म्हणाल्या, "केस वाचवायची असेल तर हे तुम्हाला कोर्टात, शपथेवर सांगावं लागेल. कंपनीचा वकील तुम्हाला सोलून काढेल. तुमचे सगळे लोक ऐकतील. तयारी आहे?" बाबा म्हणाले, "तयारी नाही. पण सांगतो."

साक्षीच्या दिवशी कोर्टाची खोली भरली होती. पहिल्या पाळीचे कामगार सुट्टी टाकून आले होते. बहुतेकांना वाटत होतं, वकील आज कंपनीचे वाभाडे काढणार. मी आईच्या शेजारी मागच्या बाकावर होते.

वकीलबाईंनी घेतलेल्या सरतपासणीत बाबांनी सगळं सांगितलं. आवाज इतका खाली की न्यायाधीशांनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. मग कंपनीचा वकील उठला. त्याने युनियनच्या पत्रांचा गठ्ठा काढला.

"ही पत्रं कुणाची?"

"युनियनची. सही माझी."

"सगळी इंग्रजीत. आणि तुम्हाला इंग्रजी येत नाही?"

"टायपिस्ट लिहायचे. मी सही करायचो."

त्याने एक कागद पुढे धरला. "हे 'अंडर प्रोटेस्ट' कुणी लिहिलं?"

"मी."

"म्हणजे लिहिता येतं."

"ते मी काढतो, साहेब. चित्रासारखं. यातलं अक्षर कुठलं ते विचारलंत तर सांगता यायचं नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला मान वळवून बघायचं धाडस झालं नाही. हसणाऱ्याचा आवाज ओळखीचा होता, बाबांनी त्याची नोकरी एकदा वाचवली होती.

"किती वर्षं हे चित्र काढताय?"

"बावीस."

"बावीस वर्षं तुम्ही कामगारांना, कंपनीला, सगळ्यांना फसवत होता?"

वकीलबाई हरकत घ्यायला उठल्या. बाबांनी हातानेच त्यांना बसवलं. "कंपनीला फसवत होतो की नाही ते माहीत नाही. यांना फसवलं." त्यांनी मावशींकडे बोट नाही दाखवलं, फक्त मान त्या दिशेला वळवली. "त्यांनी दर पानाला विचारलं, वाचलंत ना. मी दर पानाला हो म्हटलं. त्या माझ्या भरवशावर सही करत होत्या."

"आज तरी तुम्ही खरं बोलताय यावर विश्वास का ठेवावा?"

"असं खोटं कोण सांगेल, साहेब, भरल्या कोर्टात, पोरगी मागे बसलेली असताना?"

कंपनीच्या वकिलाने आणखी दोन कागद वाचायला दिले. बाबांनी ते हातात धरले. या वेळी नजर फिरवायचं नाटक केलं नाही. धरले आणि परत दिले.

न्यायालयाने ती चौकशी रद्द ठरवली. कामगाराला न कळणाऱ्या भाषेत नोंद, प्रतिनिधीलाही न कळलेली, उलटतपासणी गाळलेली. मग कंपनीला आरोप कोर्टात नव्याने सिद्ध करावे लागले. सुपरवायझर आला, आणि वकीलबाईंनी त्याला पंख्याचे तेच सात प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नालाच तो अडकला. हे सगळं व्हायला चार वर्षं लागली. शेवटी मावशींना सलग नोकरी धरून परत घ्यायचा आदेश झाला, मधल्या काळाच्या निम्म्या पगारासह.

बाबांनी साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी चिटणीसपदाचा राजीनामा दिला होता. अध्यक्षांनी तो घेऊ नये असं कुणी म्हटलं नाही. पुढच्या करारात युनियनने एक कलम घालून घेतलं: प्रत्येक चौकशीची नोंद कामगाराच्या भाषेत, आणि सहीआधी एक दिवस प्रत हातात. कंपनीने फार खळखळ केली नाही. हे कलम बाबांमुळे आलं असं कुणी म्हणत नसे, आणि तसं म्हणावं असं बाबांनाही वाटत नव्हतं. 'वकील' नाव गळून पडलं. तरुण पोरं त्यांना 'चित्रकार' म्हणू लागली. तोंडावर नाही, पण भट्टीजवळ आवाज घुमतो, ऐकू यायचं.

मावशी कामावर परत आल्या त्या दिवशी फाटकाशी सगळे जमले होते, घोषणा झाल्या. बाबांनी त्या दिवशी रजा टाकली. संध्याकाळी मावशी स्वतः आमच्या घरी आल्या. त्यांना येताना बघून बाबा न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावली. आईने मावशींना पाणी दिलं, इकडचं तिकडचं बोलली. आतून नळाचा आवाज येत होता. मावशींनी पाऊण तास वाट पाहिली. जाताना न्हाणीघराच्या दाराकडे बघून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, पाणी वाया घालवू नका." आईला हसू आलं, आणि लगेच तिने पदराने डोळे पुसले.

पुढे कारखान्यात दोघं समोरासमोर आले की मावशी बोलायच्या, हवापाण्याचं, सासूच्या तब्येतीचं. बाबा उत्तर द्यायचे, जमिनीकडे बघून. निवृत्तीपर्यंत असंच चाललं.

बाबा निवृत्त झाल्यावर मी एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, मी शिकवते तुम्हाला इंग्रजी वाचायला. दोन महिन्यांत येईल. तुमची स्मरणशक्ती कसली आहे!"

ते म्हणाले, "नको. आता दोन महिन्यांत आलं, तर तेव्हाही आलं असतं असा त्याचा अर्थ होईल." मी पुन्हा विषय काढला नाही.

आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. बँकेत, दवाखान्यात, कुठेही फॉर्म समोर आला की खिडकीशी उभे राहून खणखणीत आवाजात सांगतात, "मला वाचता येत नाही. तुम्ही वाचा, मग मी सही करतो." गरज असो नसो. फॉर्म आपल्या भाषेत असला तरी. रांगेतली माणसं वळून बघतात. मागच्या महिन्यात मी सोबत होते. माझ्या ऑफिसमधला एक जण त्याच रांगेत उभा होता. बाबा बोलले, आणि मी नकळत दोन पावलं बाजूला सरकले, जणू हा म्हातारा माझा कुणी नाही. त्यांनी ते पाहिलं. कारकून वाचत होता, ते एकेका शब्दाला मान हलवत ऐकत होते.